पावसाच्या वहीतले चार दिवस

भावजी,

तुमची बातमी आली तेव्हा मी पावसाच्या यंत्रापाशी वाकले होते. सकाळचे साडेआठ झाले होते. पेला डोळ्यांसमोर धरून रेघ वाचत होते आणि पोस्टमन कुंपणाबाहेर छत्री सावरत उभा होता. कॅनडाहून जाडजूड पाकीट आलं होतं, वर तिकिटांची रांग, पण पत्त्याचं अक्षर तुमचं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मात्र आधी आकडा वहीत लिहिला, यंत्राचं नरसाळं बसवलं आणि मग पोस्टमनच्या कागदावर सही केली. ही शिस्त तुम्हीच लावलेली.

पत्र तुमच्याबरोबर काम करणाऱ्या एका साहेबांचं होतं. इंग्रजी वाचताना ह्यांचे ओठ हलतात, तसे हलत राहिले आणि मध्येच थांबले. "भास्कर गेला," एवढंच म्हणाले. तुम्हाला जाऊन महिना उलटला होता. महिनाभर आम्ही तुम्हाला जिवंत धरून जेवत होतो, झोपत होतो. मधल्या पंधरवड्यात मी तुम्हाला पत्रसुद्धा टाकलं. आमच्या लेकीच्या, कुसुमच्या परीक्षेपासून सावित्री नदीच्या पुरापर्यंत सगळं त्यात लिहिलं होतं. ते आता तिकडे कोण उघडणार?

सासूबाईंना ह्यांनी कानाशी वाकून सांगितलं. त्यांना आता सगळं उमजत नाही. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भास्कर ना? तो लांब हाय." पुन्हा सांगितलं, तर पुन्हा म्हणाल्या, "लांबच हाय ना तो." आम्ही तिसऱ्यांदा सांगितलं नाही. बातमी उशिरा कळली म्हणून भटजींनी तीनच दिवसांचं सुतक सांगितलं. आज तिसरा दिवस आहे.

तुमच्याविषयी कोणी छापलंच, तर भूगर्भशास्त्रज्ञ, कवी, सरकारशी भांडून देश सोडलेला माणूस, असं काहीबाही छापतील. छापू देत बापडे. मला ठाऊक असलेले भावजी वेगळे. मी सोळाव्या वर्षी पोलादपूरच्या या शाळेमागच्या तीन खोल्यांत लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही महाडच्या हायस्कुलात शिकत होतात आणि शनिवारी शनिवारी घरी यायचात. आल्या आल्या विचारायचात, "वहिनी, खायला काय?" आणि तोंड भरलं की कविता म्हणायचात. भाकरीचे तुकडे आणि यमकं एकाच वेळी बाहेर. पहिली दोन वर्षं मला तुमची एकही कविता धड ऐकू आली नाही.

मग शाळेच्या आवारात सरकारी पर्जन्यमापक बसला. वाचन घ्यायचं काम मास्तर म्हणून ह्यांच्याकडे आलं, आणि ह्यांना दमा. पावसात भिजायची बंदी. वही ह्यांच्या नावावर आणि यंत्र माझ्या हातात, असं पहिल्याच पावसाळ्यात ठरून गेलं. मला शिकवलंत तुम्ही. पेला डोळ्यांच्या बरोबरीने धरायचा, काचेला चिकटून पाणी वर चढलेलं दिसतं त्याला भुलायचं नाही, मधला खळगा वाचायचा. पेला अर्ध्या इंचाचा. आमच्याकडे दिवसाला आठ-आठ इंच पडतो, म्हणजे सोळा पेले, आणि मी मध्येच मोजणी विसरायचे. तेव्हा तुम्ही फडताळातून चिंचोक्यांचा डबा काढून आणलात. पेला ओतला की एक चिंचोका बाजूला. "वहिनी, मन लबाड असतं. चिंचोका नसतो." सातवी पास झालेल्या मला शास्त्र म्हणून कोणी काही शिकवलं असेल तर ते हे एवढंच, पण ते मी सोडलं नाही.

फक्त महिन्यातले चार दिवस सुटायचे.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कसं? सासूबाईंचा दंडकच होता. बाहेर बसलं की मागच्या पडवीत. पाण्याला, देवाला, धान्याला, वहीला हात लावायचा नाही. मी एकदा म्हटलं, यंत्र सरकारचं आहे, त्याला कसला विटाळ? त्या म्हणाल्या, "सरकार ऱ्हायला मुंबयला. घर माजा हाय." मग त्या चार दिवसांचं वाचन हे घ्यायचे, म्हणजे खिडकीतून. गादीवरून मान वळवायची, कौलांवरचा आवाज ऐकायचा आणि लिहायचं, सहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. ह्यांनी कधी पावणेसहा लिहिल्याचं मला आठवत नाही. मी पडवीतून थट्टा करायचे, "आज कौलांनी किती सांगितला?" आणि आम्ही दोघं हसायचो. कोणाचं काय बिघडत होतं? पावसाची वही कोण वाचणार होतं?

तुम्ही वाचणार होतात. शिकून मुंबईत सरकारी नोकरीला लागलात आणि हातोडी घेऊन आमच्याच डोंगरांत परत आलात. आंबेनळीच्या रस्त्यावर, घाट सुरू होतो तिथे उजव्या अंगाला कातळवाडी. रस्ता रुंद करायचा म्हणून तिच्या वरचा उतार पायथ्याशी कापायचा बेत होता आणि तुम्हाला दगड तपासायला पाठवलं होतं. तुम्ही दगड तपासलेत आणि धोंडूलाही तपासलंत. वाडीतला हा धोंडू, डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलेला शेतकरी. तो म्हणाला होता, "सायब, झरा तांबडा आला की वरता डोंगर सरकला समजायचा. माजा बा सांगायचा." तुम्ही हसला नाहीत. कुठल्या कुठल्या वर्षी झरा तांबडा आला ते त्याच्याकडून लग्न, बारशी, मयतं यांच्या आठवणींवरून काढून घेतलंत आणि त्या तारखा आमच्या वहीशी ताडून पाहिल्यात. आठवडाभर इथे बसून अख्खी वही उतरवून घेतलीत. शेवटी आकडा निघाला. तीन दिवसांत वीस इंच. त्याच्या वर गेला की तो उतार हलतो, आणि पाय कापला तर पडेल.

त्या दिवशी जेवताना तुम्ही गात होतात. एवढं खूश मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही.

तुमच्या त्या आकड्याची चौकशी महाडच्या डाकबंगल्यात झाली. तीन साहेब आले. हेही वही घेऊन गेले, वाचन घेणारे म्हणून. संध्याकाळी दोघं परत आलात ते एकमेकांशी न बोलता. ह्यांनी मला एवढंच सांगितलं की एका साहेबाने वही चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सहा, सहा, पाच, सहा. तुमच्याकडे पाऊस पायलीने मापून पडतो काय?" बाकीचे दोघं हसले. पुढची पानं उलटली, तिथेही तसंच. ही वही विश्वास ठेवण्यासारखी नाही, असं लिहून ते मोकळे झाले. "आणि भावजी?" मी विचारलं. हे म्हणाले, "भास्कर काही बोलला नाही."

आमचे ते खिडकीतले आकडे पकडले गेले, हे मला कळलं. पण त्याहून मोठा राग तुमचा आला, हे आज कबूल करते. एरवी साहेबाला तोंडावर मूर्ख म्हणणारे तुम्ही, आणि ऐन वेळी मिठाची गुळणी?

मग सुचलं तुम्हाला बोलायला. मुंबईच्या वर्तमानपत्रात लेख लिहिलात, शेवटी चार ओळी टाकल्यात. त्यातल्या दोन इथल्या पोरांना अजून पाठ आहेत.

डोंगराचा पाय कापलात,
आता विचारता, लंगडतो का?

नोकरीचा नियम मोडला म्हणून नोटीस आली. माफीचा मसुदा टाइप करून पाठवला होता त्यांनी, तुम्ही फक्त खाली सही करायची. तुम्ही त्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून तो परत पाठवलात. हा आगाऊपणा खास तुमचा. महाडहून पोलीस येऊन ह्यांना विचारून गेला की तुमचा भाऊ कुठल्या सभांना जातो, त्याच्याकडे कोण येतं, कसली पुस्तकं वाचतो. गावात लोक आमच्याशी बोलताना आवाज उतरवू लागले. तुम्हाला कुठेच काम मिळेना. कॅनडाच्या एका विद्यापीठाने बोलावलं तेव्हा तुमच्या अंगावर धड कोट नव्हता. ह्यांचा लग्नातला कोट मी उसवून, तुमच्या मापाचा शिवून दिला.

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर निरोप द्यायला आम्ही आलो होतो. धोंडूही आला होता, फडक्यात नाचणीचं पीठ बांधून. त्याला तुम्ही बजावलंत, "झऱ्यावर लक्ष ठेव, पण मनाचं ऐकू नको. सतत लागून पडला की शाळेत ये, वहिनीला आकडा विचार. वीस झाला की सगळ्यांना घेऊन पलीकडच्या देवळात. वाट बघायची नाही." धोंडू म्हणाला, "व्हय सायब." आणि मग तुम्ही माझ्या पाया पडलात. माझ्या तोंडून आशीर्वाद निघायला हवा होता. मी म्हटलं, "कवितेत एवढा गळा काढता, डाकबंगल्यात तोंड होतं ना तुम्हाला? तिथे उघडलं असतंत तर आज हा वनवास आला नसता."

तुम्ही हसलात. "चुकलंच वहिनी," म्हणालात आणि गाडीत चढलात. आपलं समोरासमोरचं शेवटचं बोलणं ते. मी ते परत घेईन घेईन म्हणत राहिले आणि तुम्ही काही परत आला नाहीत.

तिकडून तुमची निळी पत्रं यायची. थंडीचं वर्णन, भाताच्या नावाखाली मिळणाऱ्या चिकट्याचं वर्णन, आणि शेवटची ओळ नेहमी तीच. "वहिनी, आज किती पाऊस?" तुम्हाला पत्र मिळेपर्यंत तो पाऊस समुद्राला मिळालेला असायचा. तरी मी लिहायचे. चार इंच आणि सतरा सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग. दोन इंच नव्वद. मला वाटायचं तुम्ही तेवढाच भिजत असाल.

आता ते सांगते जे कधी लिहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, ते तीन दिवस आले. रस्त्यासाठी उतार कापून झाला होता. मी पहिल्याच दिवशी बाहेर बसले. ह्यांचा दमा तेव्हा इतका उसळला होता की मान वळवायचीही ताकद नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला धोंडू आला, इरलं तसंच डोक्यावर, पडवीच्या पायरीशी पाणी निथळत उभा. "बाय, आकडा काय झाला?" मी आत ओरडून विचारलं. ह्यांनी गादीवरूनच सांगितलं, "चार, पाच, चार." मी बेरीज केली. "तेरा," मी म्हटलं.

धोंडू तिथेच घुटमळला. "झरा तांबडा आलाय पन, बाय."

आणि मी, भावजी, मी म्हटलं, "यंत्र तेरा सांगतंय. वीसला अजून खूप अवकाश आहे."

त्याने स्वतःचे डोळे बाजूला ठेवले आणि माझा आकडा धरला. तुम्हीच त्याला सांगितलं होतं ना, मनाचं ऐकू नको. वाटेत वाडीतला कोणी भेटला त्याच्याकडे घरी निरोप धाडला की भ्यायचं काम नाही, आणि स्वतः गिरणीवर दळायला बसला. दुपारी दोन-अडीचला उतार आला. वाडीतली खालची तीन घरं गेली. धोंडूची बायको गेली, सून गेली.

बातमी कळली तशी मी पडवीतून उठले. कोणाला विचारलं नाही. सासूबाई दारातून ओरडत होत्या, "शिवू नको गो, शिवू नको." मी यंत्राचं नरसाळं उचललं. तीन दिवसांत ते कोणी उघडलंच नव्हतं. बरणी बुडाली होती, बाहेरचा डबा काठोकाठ भरून सांडत होता. मी पेल्याने मोजत गेले. चिंचोके बाजूला टाकत गेले. त्रेचाळीस पेले भरले. साडेएकवीस इंच, आणि सांडून गेला तो वेगळा.

ते चिंचोके मी दुसऱ्या डब्यात भरले आणि फडताळात मागे ढकलले. वहीत चार, पाच, चार तसंच राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला सांगितलं. त्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक. तेव्हापासून मी एकही दिवस वाचन चुकवलं नाही, बाहेरची असले तरी. सासूबाईंनी त्या दिवसानंतर मला एका शब्दाने अडवलं नाही. त्या वेळेला पाठ करून बसतात. पण जे दिवस गेले ते गेले.

दरडीची बातमी तुम्हाला ह्यांनी कळवली. तुमचं पत्र आलं, त्यात एकच ओळ. "वहिनी, त्या तीन दिवसांचा पाऊस किती होता?" मी आठ दिवस ते पत्र पदराला बांधल्यासारखं घेऊन हिंडले. मग लिहिलं, चार, पाच, चार. तुमचं उत्तर आलं, "मिळाले. आभारी आहे." त्यानंतरच्या एकाही पत्रात तुम्ही मला पाऊस विचारला नाहीत. इंच जाऊन मिलिमीटर आले, नवा पेला आला, मी आपण होऊन कळवलं. तुम्ही त्यावर लिहिलंत, पण किती पडला ते विचारलं नाहीत. मला वाटलं, तुमचा माझ्यावरचा विश्वास उडाला, आणि तो उडाला ते बरोबरच झालं. तेवढी शिक्षा मी मुकाट भोगत होते.

आणि परवा या पाकिटातून तुमची वही निघाली.

पुढे कविता, मागून उलटी धरली की आमच्या पावसाच्या वहीची नक्कल. इथे बसून उतरवून घेतलेली तीच. मी पानं उलटू लागले. दर महिन्याला चार दिवसांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. जूनमध्ये एक, जुलैत एक, ऑगस्टात एक, सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने. मला आधी काही कळलं नाही. मग एका वर्तुळाशेजारी तुमच्या बारीक अक्षरात वाचलं, "वहिनी बाहेर." माझे कान तापले. एवढं वय झालं माझं, कुसुम लग्नाला आली, तरी मी वही मिटून आधी दाराकडे बघितलं.

पुन्हा उघडली. कुसुम पोटात होती त्या पावसाळ्यात एकही वर्तुळ नाही. आणि त्याच्या दोन वर्षं नंतरच्या पावसाळ्यात जूनमध्ये वर्तुळ, मग दोन महिने काही नाही, आणि सप्टेंबरात चारऐवजी अकरा दिवसांभोवती एक लांबट रेघ. तिच्याशेजारी तुम्ही काही लिहिलेलं नाही. नुसता पेन्सिलीचा ठिपका आहे, बराच वेळ टोक टेकवून ठेवल्यासारखा.

ते मूल गेलं हे सासूबाईंखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. ह्यांनाही मी नीटसं सांगितलं नव्हतं. तुम्ही वही उतरवून मुंबईला गेलात आणि त्या दिवाळीत तुमच्याकडून लोहाच्या औषधाच्या सहा बाटल्या आणि खजूर आला. सासूबाई म्हणाल्या, "बायकांची औषधां धाडतो, खुळा कुठचा." मीही हसले. सगळ्या बाटल्या संपवल्या मात्र. भावजी, माझ्या त्या बाळासाठी या जगात एका माणसाने दुःख केलं होतं आणि ते मला आज कळतंय. तुमचे आभार कुठल्या पत्त्यावर मानू?

वर्तुळांच्या शेवटी तुमचं गणित होतं. खाली रेघ मारून लिहिलं होतं, "हे दिवस वगळले तरी उत्तर तेच. वीस."

वगळले तरी तेच! म्हणजे डाकबंगल्यात तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, की हे चार-चार दिवस सोडा, बाकीची वही खरी आहे. मी वही घेऊन ह्यांच्यासमोर गेले. ह्यांनी वही हातात घेतली, त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आदल्या दिवशी भास्करने मला दाखवलं होतं. मी म्हटलं, सांगून टाक, माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तो म्हणाला, दादा, नोकरीचं नाही. दर महिन्याचे चार दिवस म्हटल्यावर त्या तिघांना कळायला कितीसा वेळ लागेल? तिघंही बायकामुलांचे. वहिनीचे दिवस सरकारी कागदावर चढवायचे नाहीत मला."

म्हणजे तुमचं तोंड बांधलं होतं ते माझ्या पदराने. आणि मी तुम्हाला स्टँडवर चार माणसांत विचारलं, तोंड होतं ना?

मी दोन दिवस रडले. पण भावजी, आज तिसरा दिवस, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. दोघं भाऊ बसून ठरवलंत, मला का नाही विचारलंत? स्वयंपाकघरातच होते मी, दहा पावलांवर. मी म्हटलं असतं, चढवा कागदावर. लाजले असते, चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि मग पाचव्या दिवशी अंघोळ करून बाहेर आले असते, तशी येतेच की दर महिन्याला. माझी लाज एवढी मोठी होती का, की तिच्यासाठी धोंडूचं घर उघड्यावर सोडायचं? तुम्ही सरकारला घाबरला नाहीत, पोलिसाला घाबरला नाहीत. आईच्या पडवीला मात्र तुम्ही कधी बोल लावला नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रागवू नका. तुम्ही असतात तर यावर आपलं खूप भांडण झालं असतं आणि शेवटी तुम्ही "चुकलंच वहिनी" म्हणाला असतात. ते ऐकायला तरी यायचं होतं.

कवितांच्या बाजूला एक पान आहे, वर "छापायला नाही" असं लिहिलेलं.

आमच्या घरी दर महिन्याला
चार दिवस पाऊस पडत नाही,
तो नुसता लिहिला जातो.

एवढीच आहे. पुढे जागा सोडली आहे. आणि अगदी शेवटच्या पानावर, वेगळ्या शाईत, चार, पाच, चार. मी पाठवलेले आकडे. त्यांच्याभोवतीही वर्तुळ, आणि शेजारी लिहिलं आहे, "वहिनी बाहेर. विचारायला नको होतं."

तेव्हा कळलं तुम्ही पाऊस विचारणं का सोडलंत. मी समजत होते मला शिक्षा केलीत. मला पुन्हा खोटं लिहायला लागू नये म्हणून तुम्ही गप्प बसला होतात. दुसऱ्यांदा.

आज सकाळी धोंडू भेटायला आला. सुतकाचं घर म्हणून चहापाणी नाही, तो पायरीवर बसला आणि मी आत उंबऱ्याशी. "सायब लय भला मानूस," एवढंच म्हणाला. मी उठले, फडताळातून तो डबा काढला आणि त्याच्यासमोर चिंचोके ओतले. एकेक करून मोजले. त्रेचाळीस. प्रत्येकाला अर्धा इंच, हे त्याला सांगावं लागलं नाही. यंत्राची रीत त्याला तुम्हीच शिकवली होती. तो बोटाने चिंचोके सरकवत राहिला.

"तेरा बोललीस तू," तो म्हणाला.

"हो."

"मी निरोप धाडला घरी, तेरा हाय म्हनून."

"हो, धोंडू." मग मी त्याला सगळं सांगितलं. पडवीचं, खिडकीचं, माझ्या चार दिवसांचं. परपुरुषासमोर हे शब्द तोंडातून निघतील असं कधी वाटलं नव्हतं. निघाले. सासूबाई आत पाठ करून बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

धोंडूने माफ केलं म्हटलं नाही, शिवीही दिली नाही. मग त्याने चिंचोके ओंजळीने गोळा करून डब्यात भरले, झाकण लावलं आणि विचारलं, "सायबाला कलवलास काय ह्या?"

"नाही."

"त्याचा आकडा खरा होता, ता त्याला कलला नाय?"

"नाही."

"मंग कलव त्याला," तो म्हणाला. इरलं डोक्यावर घेतलं आणि वाडीच्या वाटेला लागला. मागे वळून बघितलं नाही.

तो गेल्यावर मी जुनी वही काढली. चार, पाच, चार यांवर आडवी रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "वाचन घेणारी बाई बाहेर बसली असल्याने तीन दिवस यंत्र उघडले नाही." खाली सही केली, सुमती. या वहीत माझं नाव आजवर कुठेच नव्हतं. ह्यांनी बघितलं, चष्मा पुसला, आणि नक्कल कचेरीला पाठवायला पाकीट काढून दिलं.

आणि आता तुम्हाला कळवते. फार उशीर झाला, पण तुमची पत्रंही कुठे वेळेवर पोचायची.

त्या तीन दिवसांचा पाऊस साडेएकवीस इंच, सांडून गेला तो वेगळा. तुमचा आकडा खरा होता, भावजी.

तुमची,
वहिनी